पामचं फळ लालभडक, मग पाकिटातलं तेल फिकट पिवळं कसं?

यवतमाळ हा कापूस-सोयाबीनचा जिल्हा. पामची बाग इथे क्वचितच कुणी पाहिली असेल. तरी बिस्किटं, फरसाण, चिप्सच्या पाकिटामागचे घटक वाचा, पामतेल किंवा पामोलीन हमखास सापडेल. हे तेल फिकट पिवळं असतं. पण फळातून नुकतंच काढलेलं पामतेल मात्र गडद केशरी-लाल असतं. मग हा रंग जातो कुठे?

रंग कशाचा?

हा रंग कॅरोटिनॉइड्सचा. गाजर, पपई, लाल भोपळ्याला रंग देणारे हेच घटक. कच्च्या पामतेलात ते किलोमागे साधारण 500 ते 700 मिलिग्रॅम असतात. त्यातल्या बीटा-कॅरोटिनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं.

उष्णतेने काय होतं?

कारखान्यात तेल आधी खास मातीतून गाळतात. ती माती काही रंग शोषून घेते. मग वास घालवायला तेल 240 ते 260 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तिथे उरलेला रंगही जातो.

कारण बीटा-कॅरोटिनचा रेणू म्हणजे एक लांब साखळी. तिच्यातल्या 11 दुहेरी बंधांमुळे रंग दिसतो, पण तीच तिची नाजूक जागा. उष्णतेने साखळी वाकते, ऑक्सिजन लागला की तुटते. साखळी तुटली की रंग गेला आणि अ जीवनसत्त्वाचा स्रोतही गेला. पश्चिम आफ्रिकेत तर लाल पामतेल घरीच कढईत तापवून त्याचा रंग उडवतात.

मग लाल पामतेल घ्यायचं का?

कमी तापमानात प्रक्रिया केलेल्या लाल पामतेलात बरंचसं कॅरोटिन टिकतं. पण त्यात भजी तळली, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं, तर ते कमी होत जातं. शिवाय पामतेलात जवळपास निम्मी संपृक्त चरबी असते. म्हणून रील्समधला 'सुपरफूड'चा दावा जपूनच घ्या.

आपण काय करायचं?

अ जीवनसत्त्व कमी पडलं तर मुलांना रातांधळेपणा येऊ शकतो. म्हणूनच 9व्या महिन्यापासून 5 वर्षांपर्यंत त्याचे डोस मोफत दिले जातात. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना विचारा, तुमच्या बाळाचा एखादा डोस राहिला तर नाही ना?

ताटात लाल भोपळा, गाजर, पपई, शेवग्याच्या पाल्याची भाजी असू द्या. इथे थोडी उष्णता उलट कामाची. भाजी शिजल्यावर पेशींच्या भिंती मऊ होतात, कॅरोटिन मोकळं होतं आणि फोडणीतल्या चमचाभर तेलामुळे ते अंगी लागतं. फक्त भाजी करपेपर्यंत परतू नका, आणि तळणीचं उरलेलं तेल परत परत वापरू नका.