खिरीचे फोटो ढीगभर, गांधींचा एकही नाही

उष्टावणाच्या खिरीत रवा असतो, दूध असतं, वर काजू-बदामाची पूड. मामाने चमचा ओठाला लावला आणि अर्ध्या तासात बाळाच्या तोंडाभोवती लाल गांधी उठल्या, तर संशय कोणावर घ्यायचा? रोजच्या घुटीतला बदाम आजवर सोसला असेल, तर बदामावरचा संशय कमी होतो. (सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. घुटी तरीही चालूच असते, तेव्हा दवाखान्यात ती लपवू नये.) बहुतेक घरांत 'पित्त उठलंय' म्हणून आमसुलाचं पाणी लावतात. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत अंग स्वच्छ! मोबाइलमध्ये खिरीचे फोटो ढीगभर, गांधींचा एकही नाही.

अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं निदान मुख्यतः अशा हकिकतीवरच होतं. काय खाल्लं, किती, किती वेळाने काय झालं, पूर्वी तेच खाऊन काही झालं होतं का? गांधी, ओठ-डोळ्यांची सूज, उलटी हे सगळं काही मिनिटांत किंवा फार तर दोन तासांत झालं, तर रक्तातल्या आयजीई प्रतिपिंडांचा हात असण्याची शक्यता मोठी. दुसरा प्रकार फसवा. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळ उलट्यांवर उलट्या करतं, पांढरं पडतं, मलूल होतं. पोट बिघडलं किंवा जंतुसंसर्ग झाला असं वाटतं, आणि आयजीईची तपासणी सहसा कोरी येते. काही मुलांत हे चक्क भाताने होतं; पचायला हलकी म्हणून आपण पेज देतो, तिच्यावर कोण संशय घेणार? अंगावर पिणाऱ्या, एरवी हसऱ्या-खेळत्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसले, तर गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी हे एक कारण असू शकतं. अशा वेळी डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ बंद करायला सांगतात आणि मग पुन्हा सुरू करून बघतात. हा दुसरा टप्पा घरोघरी गाळला जातो. त्याविना निदान अर्धवट.

त्वचेच्या चाचणीत संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा मिनिटांनी फुगवटा मोजतात. तो तीन मिलिमीटर किंवा जास्त असला तर चाचणी सकारात्मक. पण याचा अर्थ शरीराने तो पदार्थ ओळखून ठेवलाय, एवढाच. खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. म्हणून लक्षणं नसताना शंभर पदार्थांचं 'पॅनेल' करून घेणं मला पैसे वाया घालवणं वाटतं, आणि आयजीजी प्रतिपिंडांच्या चाचण्या तर अ‍ॅलर्जीच्या निदानाला निरुपयोगीच. अशा अहवालांपायी गहू, दूध, अंडं, डाळ बंद झालेली मुलं वजनात मागे पडतात. शंका उरलीच तर रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा-थोडा वाढवत खाऊ घालतात. सगळ्यांत भरवशाची चाचणी तीच.

'गाईचं सोसत नाही ना, मग शेळीचं द्या' हा सल्ला धोक्याचा आहे. प्रथिनं इतकी सारखी असतात की शेळी-म्हशीच्या दुधानेही बहुतेकांना त्रास होतो. श्वास घरघरला, आवाज बसला किंवा बाळ अचानक निपचित पडलं, तर आमसूल नको, नुसतं अ‍ॅलर्जीचं सिरपही नको. थेट रुग्णालय गाठायचं. तिथे मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनालिन हाच पहिला इलाज.

भीतीपोटी शेंगदाणा लांबवण्याचं मात्र कारण उरलेलं नाही. लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने 4 ते 11 महिन्यांच्या, जास्त जोखमीच्या 640 बाळांवर केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर आणि नियमित शेंगदाणा खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे कूट घरात असतंच. अख्खा दाणा घशात अडकतो, म्हणून अगदी बारीक कूट पातळ खिमटात कालवायचं. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही सकाळी, दवाखाने उघडे असताना.