रायफलीवरील दुर्बीण : अर्धस्वयंचलित रायफलींवरील जोडणी

रायफलीच्या नळीचा अक्ष व नेम धरण्याच्या दुर्बिणीची दृष्टिरेषा यांच्यातील कोन अनेक फैरींनंतरही बदलू नये, अशा रीतीने दुर्बीण रायफलीस जोडण्याची व्यवस्था. ठराविक अंतरावरील लक्ष्यावर दुर्बिणीतील फुली टेकविली असता गोळी त्याच बिंदूवर लागेल, असा हा कोन प्रथम जुळवून घेतात. या जुळणीला सैनिकांच्या व नेमबाजांच्या परिभाषेत ‘झिरो’ म्हणतात. झिरो करणे हे थोड्या काडतुसांचे काम आहे. तो टिकविणे अवघड असते आणि हाताने बोल्ट मागेपुढे करून भरावयाच्या रायफलीपेक्षा अर्धस्वयंचलित रायफलीत ते अधिकच अवघड ठरते. अशा रायफलीचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. परंतु रिकामी पुंगळी बाहेर फेकणे व पुढील काडतूस नळीत चढविणे ही कामे दारूच्या ज्वलनातून निर्माण झालेल्या वायूच्या किंवा धक्क्याच्या जोरावर आपोआप होतात. ही कामे करणारी हलती यंत्रणा दुर्बिणीस हादरे तर देतेच, शिवाय दुर्बीण बसविण्यास सर्वांत सोयीची असलेली जागाही बहुधा अडविते. [⟶ बंदूक, रायफल].

जोडणीतील सूक्ष्म ढिलाईचा परिणाम किती होतो, हे साध्या भूमितीने कळते. दुर्बिणीची नळी सामान्यतः दोन कड्यांमध्ये आवळलेली असते. कड्यांमधील अंतर १०० मिमी. धरल्यास एक कडे बाजूला ०.०१ मिमी. सरकले, तरी दृष्टिरेषा एक दशसहस्रांश रेडियनाने वळते व गोळी १०० मी. अंतरावर १ सेंमी. आणि ५०० मी. अंतरावर ५ सेंमी. चुकते. तेच कडे ०.१ मिमी., म्हणजे लिहिण्याच्या साध्या कागदाच्या जाडीइतके, सरकल्यास ५०० मी. अंतरावरील चूक अर्धा मीटर होते. ओलीस धरलेल्या व्यक्तीशेजारी उभ्या असलेल्या बंदूकधाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या पोलीस नेमबाजाच्या बाबतीत १०० मी. अंतरावरील काही सेंमी. चूकदेखील प्राणघातक ठरू शकते. आणि त्याची पहिली गोळी हीच बहुधा एकमेव गोळी असते.

दुर्बिणीवर येणारा भार अनपेक्षित मोठा असतो. ७·६२ मिमी. च्या सैनिकी काडतुसातील सु. ९·५ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. ८४० मी. वेगाने बाहेर पडते. गोळी व तिच्यामागून निघणारा वायू यांच्या एकत्रित संवेगामुळे साडेचार किग्रॅ. वजनाच्या रायफलीस सेकंदास सु. २·५ मी. इतका मागे जाणारा वेग मिळतो. हा वेग दोन सहस्रांश सेकंदात आला असे मानल्यास ६०० ग्रॅ. वजनाच्या दुर्बिणीवर सु. ७५० न्यूटन, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटींहून अधिक बल येते. रायफल मागे जात असता दुर्बीण जडत्वामुळे जागीच राहू पाहते. साहजिकच ती बैठकीवर पुढच्या बाजूस घसरण्याचा प्रयत्न करते. बोल्ट रायफलीत हा मुख्य धक्का बसला की संपले. अर्धस्वयंचलित रायफलीत त्यापाठोपाठ बोल्टवाहक मागच्या भिंतीवर आदळतो व लगेच स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन पुन्हा आदळतो. या शेवटच्या आघाताची दिशा उलट असते. असे दुहेरी धक्के दुर्बिणीस विशेष घातक असतात. स्प्रिंगवर चालणाऱ्या साध्या हवाई बंदुका, त्यांचा एकूण धक्का नगण्य असूनही, चांगल्या दुर्बिणी मोडतात त्याचे कारण हेच होय.

दुर्बीण कोणत्या भागावर बसवावी हा या विषयाचा गाभा आहे. नळी ज्या पोलादी पेटीत घट्ट बसविलेली असते, ती पेटी (रिसीव्हर) किंवा खुद्द नळी एवढेच भाग विश्वसनीय असतात. उरलेले सर्व भाग नळीच्या मानाने कमीअधिक हलतात. अमेरिकेच्या सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारलेल्या एम-१ गॅरंड रायफलीत आठ काडतुसांची क्लिप वरून भरली जाते व रिकामी क्लिप वरच उडते. त्यामुळे रिसीव्हरच्या माथ्यावर दुर्बीण बसविणे अशक्य झाले. एम-१ सी या प्रकारात रिसीव्हरच्या डाव्या अंगास पट्टी जोडून, तर एम-१ डी या प्रकारात नळीच्या मागील टोकावर ठोकळा बसवून दुर्बीण डावीकडे नेण्यात आली. अशी दुर्बीण नळीच्या डावीकडे २·५ सेंमी. असून झिरो २०० मी. वर केला असेल, तर ४०० मी. वर गोळी तितकीच डावीकडे लागते. ही चूक किरकोळच म्हणावी लागेल. नेमबाजाचा गाल दस्त्यावर नीट टेकत नाही ही अडचण अधिक जाचक होती व त्यासाठी दस्त्याला चामड्याची गादी बांधावी लागे.

सोव्हिएट रशियात टोकारेव्ह एसव्हीटी-४० रायफलीच्या रिसीव्हरवर साडेतीनपट वर्धनाची पीयू दुर्बीण बसविली गेली. परंतु १९४२ मध्ये ती योजना सोडून तीच दुर्बीण जुन्या मोसिन बोल्ट रायफलीवर चढविण्यात आली. या अपयशाचा दोष केवळ जोडणीस देणे योग्य नाही. रायफलीच्या गोळ्याच मुळात अधिक विखुरत होत्या. अमेरिकन एम-१४ रायफलीच्या रिसीव्हरच्या डाव्या अंगास खाच व एकच आट्यांचे छिद्र होते. तिच्यापासून व्हिएटनाम युद्धकाळात तयार झालेल्या एम-२१ या नेमबाजी रायफलीची बैठक प्रारंभी त्या एकाच स्क्रूवर अवलंबून असे व तो सैल होण्याची तक्रार नित्याची होती. एका बिंदूवर धरलेली वस्तू त्या बिंदूभोवती फिरू शकते, हे तेथे पुरते लक्षात आले. पुढे बैठकीस काडतूसपट्टीच्या मार्गदर्शकापाशी दुसरा आधार देण्यात आला.

बेल्जियन एफएएल रायफल व तिच्या धर्तीवर ईशापूर येथे तयार झालेली भारतीय १ए१ रायफल यांचे वरचे झाकण पातळ पत्र्याचे असून साफसफाईसाठी सरकवून काढावे लागते. त्यावर दुर्बीण बसविणे सोयीचे दिसते, पण झाकण काढून पुन्हा घालताना ते तंतोतंत त्याच जागी बसेलच असे नाही. कॅलाशनिकॉव्ह जातीच्या रायफलींतही हीच अडचण आहे. १९६३ मध्ये स्वीकारलेल्या सोव्हिएट ड्रगुनोव्ह (एसव्हीडी) रायफलीत ती चांगल्या रीतीने सोडविलेली आढळते : रिसीव्हरच्या डाव्या अंगावर पक्की पट्टी असून चौपट वर्धनाच्या पीएसओ-१ दुर्बिणीची बैठक तिच्यावर मागून सरकवून तरफेने आवळतात. झाकण मोकळे राहते आणि दुर्बिणीखालून साध्या माशीनेही नेम धरता येतो. ही रायफल भारतीय भूसेनेने दीर्घकाळ वापरली आहे.

अमेरिकन एम-१६ रायफलीच्या प्रारंभीच्या प्रकारांत दुर्बीण वरच्या मुठीवर फार उंच बसे. नंतर मूठ वेगळी करून रिसीव्हरचा माथा सपाट करण्यात आला व त्यावर आडव्या खाचांची पट्टी आली. १९९५ मध्ये प्रमाणित झालेल्या या पट्टीच्या (पिकाटिनी) खाचा ५·२३ मिमी. रुंद व एकमेकींपासून १०·०१ मिमी. अंतरावर असतात. बैठकीचा आडवा बोल्ट खाचेत उतरतो व धक्का घर्षणाऐवजी खाचेच्या भिंतीवर घेतला जातो. म्हणून आवळण्यापूर्वी बैठक नळीच्या तोंडाच्या दिशेने ढकलून बोल्ट खाचेच्या पुढील भिंतीस टेकवितात. एक कडे रिसीव्हरवर व दुसरे पुढील हातधरणीच्या पट्टीवर बसविणे ही सर्रास आढळणारी चूक होय. हातधरणी हाताच्या किंवा टेकूच्या दाबाने वाकते व झिरो प्रत्येक पकडीगणिक बदलतो.

जोडणीचे काम करताना स्क्रू, छिद्रे व टेकणारे पृष्ठभाग तेलविरहित करतात. बैठक सर्व लांबीभर टेकते की नाही, हे पृष्ठास काजळी लावून पाहता येते. वाकडी बैठक स्क्रूंनी ओढून सरळ केली, तर तो ताण दुर्बिणीच्या नळीत उतरतो. कड्यांच्या बारीक स्क्रूंना सामान्यतः २ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. अधिक आवळल्यास नळी चेपून आतील समायोजन अडते. बैठकीच्या आडव्या बोल्टास याहून बराच अधिक पीळ लागतो. त्यासाठी पीळमापक पाना वापरणे श्रेयस्कर; हाताचा अंदाज येथे फसवा असतो. आट्यांना सुकणारा चिकटद्रव लावतात व स्क्रूच्या माथ्यावरून बैठकीवर रंगाची रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे कळते. पोलादी रिसीव्हरवर ॲल्युमिनियमची १०० मिमी. लांब बैठक असल्यास तापमानात ३०° से. वाढ होताच त्यांच्या प्रसरणात सु. ०·०३ मिमी. फरक पडतो. हा फरक लांबीच्या दिशेने असल्याने कोन थेट बदलत नाही, परंतु वारंवार तापल्यानिवल्याने स्क्रूंची पकड कमी होते.

झिरो हलला अशी शंका आल्यास दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात : गोळ्यांच्या समूहाचा विस्तार आणि त्या समूहाच्या मध्याचे स्थान. विस्तार मोठा पण मध्य जागेवर असेल, तर दोष बहुधा नळी, काडतुसे किंवा नेमबाज यांचा असतो. मध्य एकाच दिशेने सरकत गेल्यास प्रथम जोडणी तपासतात. तो दोन ठिकाणांमध्ये उड्या मारीत असल्यास दुर्बिणीतील फुलीचा आधार सैल झाल्याचा संशय घेतात. नळी तापल्यावरच बदल दिसत असेल, तर ती थंड होऊ देऊन चाचणी पुन्हा घेतात. थंड नळीतून सुटलेल्या पहिल्या गोळीची नोंद वेगळी ठेवतात. काढता येणाऱ्या बैठकीची परीक्षा पाच गोळ्या झाडून, दुर्बीण काढून, त्याच खाचेत पुन्हा बसवून व आणखी पाच झाडून करतात. दोन्ही समूहांचे मध्य १०० मी. वर १ ते २ सेंमी. च्या आत जुळल्यास बैठक समाधानकारक मानतात.