मतं तेवढ्या जागा का मिळत नाहीत?

निवडणूक आली की वर्गातली मुलं घरी ऐकलेलं वाक्य हमखास सांगतात, "आमचे अब्बू म्हणतात, आपलं मत वाया जातं." आम्ही मुलांना म्हणतो, आधी हिशोब समजून घेऊ.

लोकसभा आणि विधानसभेसाठी आपल्याकडे ‘सर्वाधिक मतं मिळवील तो विजयी’ ही पद्धत आहे. पाच उमेदवार उभे असतील तर 30 टक्के मतं घेणाराही निवडून येतो. उरलेल्या 70 टक्के मतांच्या वाट्याला काहीच येत नाही. 2014 मध्ये भाजपला देशात सुमारे 31 टक्के मतं मिळाली आणि जागा 543 पैकी 282. त्याच वेळी उत्तर प्रदेशात बसपाला जवळपास 20 टक्के मतं मिळूनही 80 पैकी एकही जागा मिळाली नाही. त्या वर्षी या राज्यातून एकही मुस्लिम खासदार निवडून आला नाही. विखुरलेल्या समाजाचं या पद्धतीत असं नुकसान होतं.

दुसरी पद्धत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची. ती परकी नाही, आपली राज्यसभा तशीच निवडली जाते. महाराष्ट्रातून 6 जागा भरायच्या असतील आणि 288 आमदार मत देणार असतील, तर 288 ला 7 ने भागून 1 मिळवायचा. म्हणजे 42 मतांना एक जागा. साधं बहुमत चाललं असतं तर 145 आमदारांच्या गटाने सहाच्या सहा जागा नेल्या असत्या.

लोकसभेलाही ही पद्धत असावी, असा आग्रह संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जानेवारी 1949 मध्ये धरला होता. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं की यासाठी मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, शिवाय सभागृहात लहान लहान गट होऊन सरकार टिकणार नाही. सूचना नामंजूर झाली.

आज साक्षरता वाढली आहे, पण दुसरा आक्षेप अजून विचार करण्यासारखा आहे. शिवाय आपल्या भागाचा एक खासदार असला की गटार, रस्ता, दाखला यासाठी कुणाचं दार ठोठवायचं ते ठाऊक असतं. न्यूझीलंडने यातून मधली वाट काढली. तिथे 1996 पासून मतदार दोन मतं देतो, एक आपल्या भागातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाला. पक्षाच्या मतांवरून एकूण जागा ठरतात. मात्र 5 टक्के मतं किंवा निदान एक मतदारसंघ जिंकल्याशिवाय पक्षाला त्यात वाटा मिळत नाही.

म्हणून अब्बूंची तक्रार अगदीच चुकीची नाही. फक्त तिचा रोख मतदानावर नको, मोजणीच्या पद्धतीवर हवा. त्यावर घरात, मोहल्ल्यात जरूर चर्चा व्हावी. तोवर मतदार यादीत आपलं नाव आहे ना, ते आधी बघा. न दिलेलं मत कुठल्याच पद्धतीत मोजलं जात नाही.