'थ्री फीट हाय अँड रायझिंग' पुन्हा ऐकताना

आमच्या तेर गावातलं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह. जुन्या विटा त्याच, देव नवा. डे ला सोल या रॅप गटाचा 1989चा हा पहिला अल्बम अगदी तसाच बांधलाय!

लाँग आयलंडची तीन पोरं आणि निर्माता प्रिन्स पॉल. जुन्या रेकॉर्डचे तुकडे कापून त्यांनी गाणी रचली. 'आय नो'मध्ये स्टीली डॅन, 'से नो गो'मध्ये हॉल अँड ओट्स. नावसुद्धा जॉनी कॅशच्या एका गाण्यावरून.

खरी गंमत मात्र गाण्यांच्या मधल्या नाटुकल्यांत. खोटा प्रश्नमंजुषेचा खेळ चालतो, प्रश्न असे की उत्तरच देता येऊ नये. तमाशातल्या बतावणीवर वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. पुढे रॅप अल्बमांत अशा नाटुकल्यांची लाटच आली. बऱ्याचशा कंटाळवाण्या, हे माझं मत.

एका छोट्या तुकड्यात 'द टर्टल्स'चं गाणं न विचारता वापरलं म्हणून खटला झाला. अशा उसन्या तुकड्यांच्या हक्कांच्या गुंत्यामुळे अल्बम कित्येक वर्षं ऑनलाइन नव्हता. तो आला 3 मार्च 2023 रोजी. गटाच्या तिघांतला ट्रुगॉय त्याआधी तीनच आठवडे वारला.

ऐकाल तर क्रमानेच ऐका, शफल बंद करून.