सूर्यप्रकाशाचे नियमन आणि मोसमी पाऊस : परिणामकारकतेचा प्रश्न

पृथ्वीच्या वाढत्या तापमानावर गेल्या काही दशकांत जे उपाय सुचविले गेले, त्यांत सूर्यप्रकाशाचा काही अंश भूपृष्ठावर पोहोचण्यापूर्वीच अवकाशात परत पाठविण्याचा उपाय सर्वांत साहसी होय. यालाच 'सौर भू-अभियांत्रिकी' असे म्हणतात. या उपायाने पृथ्वीचे तापमान उतरेल काय, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. परंतु ज्या प्रदेशाचे जीवन चार महिन्यांच्या पावसावर उभे आहे, त्या प्रदेशाच्या दृष्टीने हा प्रश्न अपुरा आहे. तापमान उतरविताना पावसाचे काय होईल, हे विचारल्यावाचून या उपायाच्या परिणामकारकतेचा निर्णय करता येत नाही.

नाशिक जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो; तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेस येवले येथे तो पाचशे-सहाशे मिलिमीटरांवर येतो. दोन्ही ठिकाणांच्या सरासरी तापमानात मात्र इतके अंतर नाही. द्राक्षबागाईत, कांदा, मका यांचे भवितव्य आणि गंगापूर, दारणा, पालखेड या धरणांचा साठा ही सारी या पर्जन्यभेदावर अवलंबून आहेत. जगाचे सरासरी तापमान अर्धा अंश उतरले, ही वार्ता येथील शेतकऱ्यास तेव्हाच शुभ ठरेल, जेव्हा तिच्यामागोमाग सह्याद्रीवरचा पाऊस उणावल्याची वार्ता येणार नाही.

प्रथम संज्ञेचा विचार करणे इष्ट आहे. 'नियमन' या शब्दात नियम्य वस्तू नियामकाच्या हाती आहे, असे गृहीत धरलेले असते. कालव्याच्या पाण्याचे नियमन होते, कारण दरवाजा उघडणारा व मिटणारा हात एक असून पाण्याची वाट ठरलेली असते. वातावरणाच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट सिद्ध नाही. आयुर्वेदात 'शमन' आणि 'शोधन' असा चिकित्सेचा भेद केलेला आहे. शोधनाने दोष शरीराबाहेर काढला जातो. शमनाने तो शांत केला जातो. हाच भेद येथे लावावयाचा तर प्रस्तुत उपाय शमनाच्या कोटीत पडतो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड त्याने कमी होत नाही आणि म्हणूनच समुद्राचे पाणी आम्लधर्मी होत जाण्याची क्रियाही थांबत नाही.

शीतलनाचा पुरावा

या उपायाने पृथ्वी थंड होऊ शकते, याविषयी फारसा मतभेद नाही. निसर्गानेच हा प्रयोग अनेकदा केलेला आहे. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपाईन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डाय-ऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या व पावसाच्या थराहून वरच्या थरात, फेकला गेला. तेथे त्यापासून सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म तुषार बनले. अशा कणांना 'वायुकलिल' अशी संज्ञा आहे. ते सूर्यकिरण परावर्तित करतात. खालच्या हवेतील असे कण पावसाबरोबर थोड्याच दिवसांत धुऊन जातात; स्थितांबरात मात्र ते वर्ष-दोन वर्षे टिकतात. परिणामी पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश सेल्सियसने उतरले.

विमानांच्या साहाय्याने हीच क्रिया हेतुपूर्वक करता येईल, अशी कल्पना रशियन शास्त्रज्ञ बुडिको यांनी १९७० च्या दशकात मांडली होती. नोबेल पारितोषिकाचे मानकरी पॉल क्रुट्झेन यांनी २००६ साली तिचा पुनर्विचार करावा असे लिहिले, आणि तेव्हापासून हा विषय गंभीर चर्चेचा झाला.

तापमान उतरते, तसा पाऊसही

परंतु पिनाटुबोच्या उद्रेकाने दुसरीही एक गोष्ट दाखवून दिली. १९९१ च्या ऑक्टोबरपासून पुढील बारा महिन्यांत जगाच्या भूभागावरील पाऊस आणि नद्यांतून समुद्रास मिळणारे पाणी या दोहोंत ठळक घट झाली. त्या काळात एल निनोचाही प्रभाव होता, हे खरे. तथापि तेवढ्याने या घटीचा उलगडा होत नाही, असे १९९१-९२ च्या नोंदी तपासणाऱ्या ट्रेनबर्थ व दाई यांनी २००७ साली दाखविले.

याचे कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. पाऊस पडण्यासाठी आधी पाण्याची वाफ व्हावी लागते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः भूपृष्ठावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातून येते. कार्बन डाय-ऑक्साइड पृथ्वीची बाहेर जाणारी उष्णता अडवितो; सूर्यप्रकाशाला तो फारसा हात लावीत नाही. यास्तव एका कारणाने झालेली तापमानवाढ दुसऱ्या कारणाने पुसून काढली, तरी पावसाचा ताळेबंद पूर्वस्थितीवर येत नाही. गोविंदस्वामी बाला व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली गणिती प्रतिमानाच्या आधारे या भेदाचे मोजमाप केले. कार्बन डाय-ऑक्साइडमुळे तापमान एक अंशाने वाढल्यास जागतिक पाऊस सुमारे दीड टक्क्याने वाढतो. सूर्यप्रकाशामुळे तेच तापमान एक अंशाने बदलल्यास पाऊस सुमारे २.४ टक्क्यांनी बदलतो. तात्पर्य, एक अंश तापमानवाढ सूर्यप्रकाश घटवून पूर्णपणे भरून काढावयाची म्हटली, तर जमेपेक्षा खर्च अधिक होऊन पाऊस मूळच्याहून सुमारे एक टक्क्याने उणा पडतो. बाला हे पुढे बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत या विषयाचे अध्ययन करीत आले आहेत.

एक टक्का ही संख्या क्षुल्लक भासेल. परंतु ती साऱ्या जगाची सरासरी आहे, आणि सरासरी ही कोणत्याच गावी पडत नाही.

कण कोठे सोडावे?

मोसमी पावसाचा पट्टा दोन गोलार्धांपैकी जो अधिक तापलेला असेल त्याच्याकडे सरकतो. उन्हाळ्यात उत्तर गोलार्ध तापतो, म्हणूनच जूनमध्ये हा पट्टा भारतावर येतो. आता परावर्तक कण केवळ उत्तर गोलार्धात पसरले, तर हाच गोलार्ध तुलनेने थंड होऊन पावसाचा पट्टा दक्षिणेकडे रेलेल. ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. १९१२ साली अलास्कातील काटमाई आणि १९८२ साली मेक्सिकोतील एल चिचोन या उत्तर गोलार्धातील ज्वालामुखींच्या उद्रेकांनंतर आफ्रिकेच्या साहेल प्रदेशात तीव्र अवर्षण पडले. हा संबंध ब्रिटनमधील हवामानशास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडला. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस समतोल राखून कण सोडल्यास हा दोष पुष्कळसा टळतो, असे गणिती प्रतिमाने सांगतात. अर्थात, 'हा उपाय परिणामकारक आहे' हे विधान कण किती, कोठे आणि किती काळ सोडावयाचे हे सांगितल्यावाचून पूर्ण होत नाही.

या संदर्भात भारताला एक अनुभव आधीच आलेला आहे. कारखाने, औष्णिक वीजकेंद्रे व वाहने यांच्या धुरातील वायुकलिल गेली अनेक दशके अजाणता सूर्यप्रकाश अडवीत आले आहेत. ते खालच्या हवेत असतात आणि स्थितांबरातील कणांशी त्यांचे पूर्ण साम्य नाही. तरी तत्त्व तेच. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादिलेल्या आणि भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, १९५१ ते २०१५ या काळात भारतातील उन्हाळी मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष जाणवली. हरितगृह वायूंमुळे जी पर्जन्यवृद्धी अपेक्षित होती, ती उत्तर गोलार्धातील वायुकलिलांनी बऱ्याच अंशी निष्प्रभ केली, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. गोदावरीचे उगमस्थान पश्चिम घाटातच आहे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

दुसरी बाजू

एवढ्यावरून हा उपाय सर्वथा त्याज्य ठरवणे शास्त्रीय वृत्तीस धरून होणार नाही. उष्णतेच्या लाटा, अतिवृष्टी व चक्रीवादळे यांची वाढती तीव्रता हीदेखील हानीच आहे, आणि काहीच न करणे हा निर्धोक पर्याय नव्हे. सारी तापमानवाढ पुसण्याऐवजी केवळ निम्मी कमी केल्यास काय होईल, याचे अध्ययन २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्या आदर्शीकृत प्रतिमानात उष्णतेची तीव्रता जवळजवळ सर्वत्र घटली, आणि पाण्याची उपलब्धता अधिक बिघडली असा भूभाग एक टक्क्याहूनही कमी निघाला. म्हणजे मात्रा अल्प ठेवल्यास गुण अधिक व दोष कमी, असा या उपायाचा स्वभाव दिसतो.

पिकांविषयीचा निष्कर्ष मात्र इतका आशादायक नाही. एल चिचोन व पिनाटुबो यांच्या उद्रेकांनंतर मका, सोयाबीन, भात व गहू यांच्या उत्पन्नावर काय परिणाम झाला, याचे विश्लेषण २०१८ साली झाले. तापमान उतरल्याने होणारा लाभ प्रकाश घटल्याने होणाऱ्या हानीत बहुतांशी विरून जाईल, असे त्यातून निष्पन्न झाले. शिवाय, एकदा आरंभिलेली ही क्रिया युद्धामुळे वा अन्य कारणाने मध्येच थांबली, तर कण वर्ष-दोन वर्षांत खाली बसतील आणि दाबून ठेवलेली तापमानवाढ थोड्या वर्षांत उसळून वर येईल.

प्रमाण कसे मिळवावे?

परिणामकारकता सिद्ध करण्याची अडचण महाराष्ट्राला अपरिचित नाही. कृत्रिम पावसाचे प्रयोग हा वेगळा विषय आहे. त्यांत तापमान उतरविण्याचा हेतू नसतो आणि क्षेत्रही मर्यादित असते. परंतु सिद्धतेची कसोटी त्यांतून शिकण्यासारखी आहे. पुण्याच्या उपर्युक्त संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामती परिसरात अकरा पावसाळे विमानातून ढगांत मीठ फवारले. क्षेत्राचे विभाग पाडून कोणत्या दिवशी कोणत्या विभागात फवारणी करावयाची, हे यदृच्छेने ठरविले जाई, आणि उरलेला विभाग तुलनेसाठी राखला जाई. इतक्या वर्षांच्या नोंदींनंतर पाऊस सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष काढता आला. पुढे सोलापूर येथे २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत झालेल्या प्रयोगातही बीजारोपण केलेले व न केलेले ढग ताडून पाहण्यात आले. तेथे वाऱ्याच्या दिशेकडील सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ आढळली.

सौर भू-अभियांत्रिकीच्या बाबतीत तुलनेसाठी राखून ठेवावयास दुसरी पृथ्वी नाही. मोसमी पाऊस मुळातच चंचल आहे. १९७२, २००२, २००९, २०१५ ही अवर्षणाची वर्षे कोणी हेतुपूर्वक कण न सोडताच आली. उद्या कण सोडल्यानंतर तिसऱ्या वर्षी येवल्यात पाऊस पडला नाही, तर तो कणांचा परिणाम की निसर्गाचा नेहमीचा खेळ, हे निश्चयाने सांगण्यास अनेक वर्षांच्या नोंदी लागतील. तोवर हानी होऊन गेलेली असेल.

उत्तरदायित्व

येथून प्रश्न शास्त्राकडून न्यायाकडे वळतो. अवर्षण दैवाधीन आहे तोवर त्याबद्दल कोणास जाब विचारता येत नाही. मानवी निर्णयातून ते आल्याचा संशय जरी उद्भवला, तरी जाब विचारणारा उभा राहतोच. गोदावरीच्या खोऱ्यात हे दिसून आलेले आहे. नाशिक व नगरकडील धरणांनी किती पाणी अडवावे आणि पैठणच्या जायकवाडीसाठी किती सोडावे, हा वाद एकाच राज्यातील, एकाच नदीवरील आणि मोजता येणाऱ्या पाण्याविषयीचा. तरीही तो मिटविण्यासाठी समन्यायी वाटपाचा २००५ चा कायदा, मेंढेगिरी समितीचा २०१३ चा अहवाल आणि उच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्णय एवढा व्याप करावा लागला. जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे त्या समितीने सुचविले. सूर्यप्रकाशाच्या वाटपास अशी कोणतीही फूटपट्टी नाही.

आंतरराष्ट्रीय व्यवस्था याबाबत अद्याप अपुरी आहे. जैवविविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०१० साली जपानमधील नागोया येथे सावधगिरीचा ठराव केला. हार्वर्ड विद्यापीठाचा स्वीडनमधील नियोजित बलून-चाचणीचा कार्यक्रम तेथील सामी लोकांच्या आक्षेपानंतर २०२१ साली स्थगित झाला आणि २०२४ साली तो प्रकल्पच गुंडाळण्यात आला. त्या चाचणीत एकही कण सोडला जाणार नव्हता. केवळ उपकरणे तपासावयाची होती. लोकांच्या संमतीचा प्रश्न किती लवकर उपस्थित होतो, हे त्यावरून कळते.

सारांश, सौर भू-अभियांत्रिकी पृथ्वी थंड करू शकते. पण ती पूर्वीची पृथ्वी परत आणू शकत नाही. तिच्या परिणामकारकतेविषयीचे कोणतेही विधान वाचताना मात्रा कोणती, स्थान कोणते, काळ किती, आणि मोजपट्टी तापमानाची की पावसाची, हे चार प्रश्न अभ्यासकाने विचारले पाहिजेत. भारतासारख्या मोसमी देशास या संशोधनापासून अलिप्त राहणे परवडणारे नाही. कारण निर्णय अन्यत्र झाला, तरी त्याचे पर्जन्यमापन त्र्यंबकेश्वर आणि येवले येथेच व्हावयाचे आहे. कार्बनचे उत्सर्जन घटविणे, म्हणजेच दोषाचे शोधन, हे मुख्य कार्य तोवर कोणत्याही शमनोपचाराच्या भरवशावर लांबणीवर टाकता येणार नाही.