गोळी कुणी दिली, ते नंतर!

माझी रूम पार्टनर कबड्डी खेळते. मॅचच्या आदल्या रात्री तिचं नाक नुसतं वाहत होतं. मी मोठ्या प्रेमाने ड्रॉवरमधली सर्दीची गोळी काढून दिली. तिने स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचली आणि गोळी परत माझ्याच हातात ठेवली. "नको गं, आधी सरांना विचारते." मनात म्हटलं, काय भाव खातेय ही! ती वाफ घेऊन झोपली. मी मात्र हट्टाने वाचायला बसले आणि माझीच झोप उडाली. जे कळलं ते सांगते. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

जगभरातल्या खेळांसाठी 1999 मध्ये 'वाडा' ही संस्था स्थापन झाली. तिची नियमावली 2004 पासून लागू आहे. आपल्याकडे हे काम 'नाडा' बघते. या नियमावलीचा कणा म्हणजे 'स्ट्रिक्ट लायबिलिटी'. सोप्या भाषेत, खेळाडूच्या शरीरात काय जातं याला जबाबदार खेळाडूच. बंदी असलेलं द्रव्य सापडलं की नियमभंग झाला. मुद्दाम घेतलं की चुकून, हे सिद्ध करायची गरज नाही.

ऐकायला अन्याय वाटतो ना? पण आपण तर सळयांच्या गावात शिकतो. सळईचा नमुना लॅबमध्ये ताणला आणि ठरलेल्या ताकदीच्या आधीच गेला, तर लॉट रिजेक्ट. भट्टीवाल्याचा हेतू चांगला होता का, असा रकाना रिपोर्टमध्ये नसतो. चूक कुणाची, ही चौकशी नंतर. इथेही तसंच. पहिला प्रश्न : द्रव्य आहे का? लघवीचा एकच नमुना 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत भरतात. 'ए' मध्ये सापडलं तर खेळाडू 'बी' तपासायला सांगू शकतो. दुसरा प्रश्न : शिक्षा किती? हेतू आणि निष्काळजीपणा यांचा विचार इथे होतो.

उदाहरण आपल्या पृथ्वी शॉचं. फेब्रुवारी 2019 मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याचा नमुना घेतला, त्यात टर्ब्युटलीन सापडलं. ते खोकल्याच्या औषधात असतं! ते खोकल्यासाठीच घेतलं होतं, हे बीसीसीआयने मान्य केलं. तरी आठ महिन्यांची बंदी बसलीच. गरजेच्या औषधासाठी आधी परवानगी काढायची सोय आहे, पण ती आधी काढावी लागते.

दुसरं उदाहरण जास्त चटका लावणारं. 2018 साली महाराष्ट्र केसरी जालन्यात झाली, बाला रफिक शेखने गदा उचलली. तोच किताब नरसिंग यादवने त्याआधी सलग तीनदा जिंकला होता. 2015 च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकची जागा आणली. आणि जून 2016 मध्ये त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉईड सापडलं. तो म्हणाला, माझ्या पेयात कुणीतरी मिसळलं. 1 ऑगस्टला नाडाच्या समितीने ते मानून त्याला सोडलं. वाडाने क्रीडा लवादाकडे अपील केलं. 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, निकाल आला : चार वर्षं बंदी.

लवादाने काय बघितलं? अशा स्टेरॉईडच्या बाबतीत, मी मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूनेच दाखवायचं असतं. 'असं घडलं असेल' एवढं पुरत नाही, तेच घडल्याची शक्यता जास्त आहे हे पटवावं लागतं. तज्ज्ञांच्या मते आकडे पाण्यात मिसळलेल्या पावडरीशी जुळत नव्हते, गोळीशी जुळत होते. घातपाताचा पुरावा लवादाला पटला नाही.

मग नियम इतका कडक का? कारण लॅबला लघवी दिसते, मन दिसत नाही. 'मला माहीतच नव्हतं' एवढ्यावर सुटका झाली असती, तर सगळ्यांनाच काही माहीत नसतं! आणि समोर स्वच्छ खेळून हरलेला कुणीतरी असतोच, त्याने काय करायचं? पण याची किंमत कधी निर्दोषही मोजतो. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची सोळा वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेया राडुकान हिला टीमच्याच डॉक्टरने सर्दीची गोळी दिली. सुवर्णपदक गेलं. मला अजूनही हे पटत नाही, पण यापेक्षा बरा नियमही सुचत नाही.

आपल्या हॉस्टेलमध्ये प्रोटीन पावडरचे डबे एका रूममधून दुसऱ्या रूममध्ये फिरतात. डब्यावर छापलेलं नसलेलं काही आत निघालं, तरी उत्तर खेळणाऱ्यालाच द्यावं लागतं. तेव्हा खेळाडू मित्रमैत्रिणींनो, औषध घेताना डॉक्टरांना आधी सांगा की आपण स्पर्धेत उतरतो, आणि मित्राच्या डब्यातलं चमचाभरही घेऊ नका.

आमची पार्टनर दुसऱ्या दिवशी शिंकत शिंकतच खेळली. मॅच हरलो, असो. मी मात्र आता कुणी गोळी मागितली की आधी विचारते, "उद्या मॅच आहे का गं?"