बंदर जहाजांना, चौकशी माणसांची

सप्टेंबर 1939 मध्ये युरोपात युद्ध पेटले आणि एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स या जर्मन जहाजांनी पोर्तुगीज गोव्यातल्या मुरगाव बंदरात आसरा घेतला. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून 9 मार्च 1943 च्या रात्री ब्रिटिशांच्या हौशी शिपायांनी छापा घालीपर्यंत ती तिथेच होती. जर्मनीतून जीव घेऊन पळणाऱ्या ज्यूंच्या वाट्याला हा तटस्थपणा इतका सहज आला नाही.

गोव्यातली शिरगाव, डिचोली, पेडणे पोर्तुगालच्या ज्या हुकूमशहा सालाझारच्या अमलाखाली होती, त्याच्या सरकारने नोव्हेंबर 1939 मध्ये परिपत्रक क्रमांक 14 काढले. मायदेशातून हाकललेल्या ज्यूंना लिस्बनला विचारल्याशिवाय व्हिसा द्यायचा नाही, असा वकिलातींना हुकूम होता. परक्यांवर नजर पीव्हीडीई या राजकीय पोलिसांची. बोर्दोतले पोर्तुगीज वाणिज्यदूत आरिश्तिदिश द सोझा मेंडिश यांनी जून 1940 मध्ये तो हुकूम धाब्यावर बसवून हजारोंना व्हिसा दिले. बक्षीस म्हणून पद गमावले. पोर्तुगालमध्ये पोचलेले बहुतेक निर्वासित वाचले, हेही मान्य केले पाहिजे. पीव्हीडीईचे 1945 मध्ये पीडे झाले. हे नाव गोव्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

गोव्याच्या सरहद्दीपलीकडे, इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, गोष्ट जास्त गुंतागुंतीची. तिथे पोलिसांनी आधी पासपोर्ट पाहिला. जर्मन पासपोर्ट म्हणजे शत्रू! त्यावर नाझींनीच 1938 पासून ज्यूंसाठी ठोकलेला ‘जे’चा शिक्का असला, तरी माणूस अहमदनगरच्या छावणीत. एकाच कुंपणात नाझी पक्षाचे सभासद आणि त्यांच्यापासून पळालेले ज्यू! पुढे सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली आणि बहुतेक ज्यू सुटले. मुंबईत 1934 पासून काम करणारी ज्युइश रिलीफ असोसिएशन त्यांच्यासाठी हमी देत होती. फ्रान्स पडल्यावर 1940 मध्ये संशय पुन्हा उफाळला. काहींना परत आत टाकले, काही कुटुंबांना पुरंदरावर ठेवले. शिवछत्रपतींच्या या किल्ल्याने हाही एक मुक्काम पाहिला, हे आपल्याकडे फारसे कुणी लिहीत नाही.

याला नाझी छळाच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. नगर-पुरंदरातून कुणाला गॅसकोठडीकडे पाठवले नाही. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये मात्र 16 आणि 17 जुलै 1942 ला तेरा हजारांवर ज्यूंना पकडले, ते फ्रेंच पोलिसांनीच, आणि स्वतःच तयार केलेल्या कार्डांच्या आधारे. त्या कार्डांवर नावे, पत्ते आधीच होते. जर्मनांना गल्लीबोळ हिंडावे लागले नाहीत. परक्यांची नोंद मुंबईतही होती. फरक पडला तो त्या नोंदींमागच्या राज्यकर्त्याच्या हेतूमुळे आणि दाद मागायला जागा असल्यामुळे.

पीव्हीडीई-पीडेचे दप्तर लिस्बनच्या तोर्रे दो तोम्बो अभिलेखागारात आहे. मुंबई इलाख्याच्या गृहखात्याचे दप्तर मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी ही दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून वाचावीत.